चूकमास्तर

आमच्या खामगावात कुणाच्या दुकानाची पाटी जरा तिरपी लागली की लोक अजून म्हणतात, "बरं झालं चूकमास्तर नाहीत. नाही तर आताच्या आता शिडी आणाले लावली असती." सगळे हसतात, मीही हसतो. पण खोटं कशाला बोलू, हसता हसता नजर पायरीकडं जाते. सर गेल्यापासून माझ्या दुकानाच्या पायरीवर कुणी बसत नाही, आणि बसलं तरी मला चालत नाही.

सर म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. चूकमास्तर हे नाव गावानं ठेवलेलं, अर्थात पाठीमागं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मलाच म्हणाले, "नाव बरं ठेवलं बे गावानं. पन लोकायले वाटते का मी त्यायच्या चुका काढतो. मी माह्या काढतो. लोकायच्या आपोआप दिसून जातात, त्याले मी काय करू?"

उंच, काटकुळा माणूस. चित्राकडे मान तिरपी करून पाहायची इतकी सवय की मान कायमचीच डावीकडे कललेली. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथं एक छोटा आरसा. त्या आरशावरून त्यांनी आयुष्यात किती भानगडी ओढवून घेतल्या ते काय सांगू! एकदा बसस्टँडवर बाकावर बसून समोरचं चित्र काढत होते. काढून झालं तसं कागद बाकावर उभा केला, त्याच्याकडे पाठ फिरवली आणि आरसा डोळ्यापुढं धरून खांद्यावरून कागद पाहायला लागले. आता मागं नेमकी एक बाई उभी, गाडीची वाट पाहत. तिचा भाऊ आला तावातावानं. "ओ मास्तर, वय काय तुमचं? आरशातून माह्या बहिनीले काय पाहून राह्यले?"

सर ढिम्म. आरसा खाली नाही केला. "खांब पाहून राह्यलो. तुमच्या बहिनीच्या मांगचा खांब माह्या कागदावर वाकडा आला वाटते. तुम्हीच पाहा बरं."

तो गडी भांडायला आलेला. त्यानं कागद पाहिला, मग खांब पाहिला, मग पुन्हा कागद. म्हणाला, "हाव, झुकलाच थोडा." आणि गाडी येईपर्यंत सरांच्या शेजारी बसून आणखी काय काय झुकलंय ते दाखवत राहिला. सर मान डोलवत ऐकत होते. वर म्हणतात कसे, "तुमचा डोळा चांगला हाय. कुठी वाया घालवून राह्यले?"

आरशाचं त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्याच्या अंगवळणी पडते. आरशात चित्र उलटं झालं की ते दुसऱ्याचं वाटायला लागतं, आणि दुसऱ्याची चूक माणसाला चटकन दिसते. हे ते आम्हाला वर्गात सांगायचे तेव्हा आम्ही खिदळायचो. आता दुकानात बसून दिवसभर लोकांचं बोलणं ऐकतो तेव्हा वाटतं, हा बाबा नुसतं चित्र शिकवत नव्हता.

पण शिकवत होता म्हणजे तरी काय करत होता? माझे वडील तर म्हणायचे, "हा मास्तर काहीच शिकवत नाही. नुसतं पोट्ट्याले कागद उलटा धराले लावते." खरंच होतं ते. सर कुणाच्या कागदाला कधी हात लावत नसत. आम्ही ग्रेड परीक्षेची पोरं, घराचं चित्र काढून मोठ्या हौसेनं न्यायचो. सर बघायचे आणि म्हणायचे, "उलटं धर." उलटं धरायचं. "दिसलं काही?" "नाही सर." "भिंतीले लाव अन् दारापर्यंत जा. आता?" "नाही सर." "मंग घरी जा, जेव, झोप. उद्या ये." दुसऱ्या दिवशी कागद पाहिला की कालचं घर एका बाजूला कलंडलेलं दिसायचं, जणू रात्रीतून भूकंप झाला. मग आपलाच आपल्याला राग यायचा. सर मात्र खूश. "दिसली ना? मंग रडतं कायले भैताडा? काल चूक होती तवा तू हसून राह्यला होता. आज डोळा वाढला तुहा."

एकदा त्यांनी आम्हाला शेगावला नेलं. आम्हाला वाटलं दर्शन, मग कचोरी. दर्शन झालं, कचोरीही झाली, पण त्याआधी पहिला मुक्काम स्टेशनवर. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला नेऊन रुळांकडं तोंड करून बसवलं. दूर जाता जाता दोन्ही रूळ एका ठिपक्यात मिळत होते. "तो ठिपका कुठी हाय पाय. आता उभा राय. आता बाकावर चढ." आम्ही चढलो. उभं राहिलं की ठिपका आपल्याबरोबर वर यायचा, बसलं की खाली. एक हमाल डोक्यावरचं ओझं खाली ठेवून आमचा तमाशा बघायला लागला. सर त्यालाही म्हणाले, "बसून पाहा भाऊ, तुमचाबी बसन." मग आमच्याकडं वळून बोलले, "क्षितिज दुनियेचं नसते बे. ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. चित्र काढाच्या आधी स्वताले विचारा, कोन पाहून राह्यलं? मंगच रेघ मारा."

आम्ही हो म्हटलं. आमचं सगळं लक्ष कचोरीकडं होतं.

मी काही चित्रकार झालो नाही. फ्लेक्सचं दुकान टाकलं. सर रिटायर झाले आणि माझ्याच दुकानावरच्या खोलीत राहायला आले. एकटेच. खोलीत एक पलंग, एक ओटा, आणि भिंतीभर चित्रं. चित्रं सगळी स्वतःची आणि सगळी चुकलेली. जिथं चुकलं तिथं लाल पेन्सिलीचा गोल. कुणी पाहुणा आला की विचारणारच, "सर, चांगली चित्रं सोडून ही काऊन लावली?" सर म्हणायचे, "चांगली पाहून मले काय भेटन? चांगल्याचं काम झालं. याच्यासोबत रोज बोलना होते माह्यं."

संध्याकाळी खाली उतरायचे आणि माझ्या पायरीवर बसून माझं गिऱ्हाईक पळवायचे. वाढदिवसाचं बॅनर करायला एक कार्यकर्ता आला. त्याच्या भाऊंचा हा एवढा फोटो, मागं बोटभर मंदिर, बाजूला फुगे. सरांनी मान तिरपी केली. मी मनात म्हटलं, आता संपलं.

"हा मानूस मंदिराहून उंच हाय का मंदिर लय दूर हाय?"

"सर, भाऊ मोठेच दिसाले पायजेत."

"दिसू दे ना बाप्पा, माही काय ना नाही. पन त्यायले कुठीतरी उभं तं राहू दे. पाय पाय त्यायचे. हवेत हायेत. उद्या लोक म्हनतीन, भाऊ गेले का काय?"

कार्यकर्ता असा भडकला की काही विचारू नका. मी हातापाया पडून त्याला चहा पाजला. आणि मग गुपचूप भाऊंच्या पायाखाली थोडी सावली टाकली. सर पायरीवरून म्हणाले, "आता जिवंत झाला."

असा हा माणूस. मुलखाच्या चुका दिसणारा. पण त्यांच्या घरातली गोष्ट निराळी होती, आणि ती सांगायला माझी जीभ जरा जड होते.

सर लग्नानंतर जुन्या जिनाच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होते. कापसाचं जिन, मागं कामगारांची आणि भाडेकऱ्यांची बिऱ्हाडं. तिथंच त्यांना मुलगी झाली, स्वाती. ती नुकती बोलायला लागलेली, आणि तिची आई काविळीनं गेली. एकटा पुरुष लहान पोर कशी सांभाळणार म्हणून आजी-मामा तिला साखरखेर्ड्याला घेऊन गेले. सरांनी जाऊ दिली. सुट्टीत जायचे भेटायला, खाऊ घेऊन, पाहुण्यासारखे. पोरगी तिकडंच वाढली, तिकडंच शिकली, तिकडचंच बोलणं तिच्या तोंडी बसलं. सर "मले" म्हणायचे, ती "मला" म्हणायची. बापलेक समोरासमोर बसले की कुणाला वाटलं असतं, दोन गावचे दोन ओळखीचे लोक बोलताहेत. बोलणं गोड होतं, भांडण नव्हतं, पण जवळीक म्हणाल तर नव्हती.

तिचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली. एकदा शेगावला आली होती तशी नवऱ्याबरोबर इकडंही आली. खाली दुकानातच सगळे चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं की जुनं जिन पाडलं, आता तिथं मंगल कार्यालय झालंय. स्वाती सहज म्हणाली, "मला तर ते घर आठवतच नाही, बाबा. घर म्हटलं की मला साखरखेर्डाच दिसतं. तुमच्या घरी मी होते, हे मला लोकांनी सांगितलंय म्हणून माहीत."

तिच्या मनात काही नव्हतं. खरं तेच बोलली. पण सरांच्या हातातला कप तसाच राहिला. चहावर साय धरली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. ती मंडळी गेल्यावर मला म्हणाले, "ऐकलं का तू? लोकायनं सांगतलं म्हून माहीत हाय तिले."

दुसऱ्या दिवसापासून सरांनी ते घर काढायला घेतलं. दुसरा माणूस असता तर मुलीशी बोलला असता, रडला असता, तिच्याकडं जाऊन राहिला असता. सरांना एकच इलाज ठाऊक. तिला घर दिसत नाही म्हणजे ते नीट काढून दाखवलं पाहिजे. ती एकदा "हो, हेच" म्हणाली की ती आपली पोरगी झाली, असं त्यांनी मनाशी धरलं. तोंडानं तसं कधी बोलले नाहीत, पण मला ते दिसत होतं.

स्वयंपाकघर काढायचे. कडाप्प्याचा ओटा, वरची फळी, फळीवर डबे, खिडकी, खिडकीबाहेर जिनाची भिंत. झालं की खाली येऊन म्हणायचे, "फोटो मार अन् पाठव तिले." मी मोबाइलवरून पाठवायचो. तिचं उत्तर यायचं, "छान आहे बाबा." सर चिडायचे. "छान कोनं विचारलं? ओळखू येते का विचार." मी विचारायचो. थोड्या वेळानं उत्तर यायचं, "नाही."

मग ते चित्र वर भिंतीवर जायचं. आरसा, उलटं, दारापर्यंत जाऊन पाहणं, ठिपक्यावर खिळा ठोकून खिळ्याला दोरा बांधून एकेक रेघ ताणून बघणं. चूक सापडायची. खिडकी जरा रुंद झाली. फळी उतरती झाली. नवं चित्र. पुन्हा फोटो. पुन्हा "नाही". मी एकदा स्वातीला गुपचूप म्हटलं, "ताई, एकदा हो म्हणून टाका ना. म्हाताऱ्या माणसाचं समाधान." ती म्हणाली, "दादा, त्यांना कळेल. आणि मला खरंच बघायचंय हो. मलाही पाहिजे ते घर." तोवर मला वाटत होतं तळमळ एकट्या सरांचीच आहे.

एक दिवस सर दुपारभर गायब. संध्याकाळी आले ते इस्त्रीच्या शर्टात. म्हटलं, कुणाचं लग्न? म्हणाले, "कोनाचं होतं काय माहीत. त्या मंगल कार्यालयात गेलतो, जागा मोजाले. पावलं टाकत होतो तं एकानं हात धरून लायनीत उभं केलं, का मुलीकडले हाय म्हून. हातात प्लेट देली." पायरीवर टेकत म्हणाले, "जेवलो. आमच्या सैपाकघरात उभं राहून जेवलो बे. बुंदी होती." आणि खळखळून हसले. मला नाही हसता आलं.

पुढं स्वातीला मुलगी झाली, ओवी. ती पावलं टाकायला लागली तेव्हा स्वाती तिला घेऊन चार दिवस राहायला आली. मी खाली मशीनवर होतो आणि वरून स्वातीची किंकाळी ऐकू आली, "बाबा!" मी जिने कसे चढलो ते मला माहीत नाही. बघतो तर सर फरशीवर आडवे. मला वाटलं, झटका आला. जवळ गेलो तर डोळे टक्क उघडे.

"ओरडू नको. हलवू नको मले. उंची पाहून राह्यलो."

झालं होतं असं. स्वाती ओट्याशी पोळ्या करत होती. ओवी मागं तिच्या कुर्त्याला धरून उभी होती, मान वर करून. सर पलंगावर बसून पाहत होते. पाहता पाहता एकदम खाली उतरले आणि ओवीच्या शेजारी झोपून, हनुवटी उचलून तिला दिसतं तेवढंच पाहायला लागले. उठवून बसवलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी चुकलो. निरा बुडापासून चुकलो. माह्या साऱ्या चित्रात फळीवरल्या डब्याची झाकनं दिसतात. झाकनं कोनाले दिसन? मले दिसन, मी ताडासारखा. तिनं झाकन कधी पायलंच नाही. तिले फळीचं बूड दिसे, ओट्याचं बूड दिसे." मग स्वातीकडं बघून म्हणाले, "मी तुले माह्यंच घर दाखवून राह्यलो होतो, पोरी. तुहं नाही."

पोळी तव्यावर करपत होती.

त्यानंतरचं चित्र सरांनी माझ्या दुकानात काढलं, कारण वरच्या खोलीत मावत नव्हतं. कार्ट्रिज पेपरचे मोठे कागद मागून चिकटवून एक केले, भिंतीच्या तळाशी लावले आणि स्वतः फरशीवर बसले. गुडघे साथ देत नव्हते, दम लागायचा. डॉक्टरनं खाली बसायचं नाही असं बजावलेलं. मी ओरडायचो, ते ऐकायचे नाहीत. उठवताना मला दोन्ही बगलांत हात घालावे लागायचे. अंग कसं पाखरासारखं हलकं झालं होतं.

हळूहळू चित्र उभं राहिलं. भला मोठा ओटा, खालून दिसणारा. त्याच्यावर कुठंतरी उंच फळीचं बूड. ओट्याशी पाठमोरी बाई. म्हणजे लुगड्याचा काठ, टाचा, पायातले पैंजण, आणि पाठ. खांद्यापाशी कागद संपलेला. ओट्याखाली ज्वारीचा डबा. आणि उजवीकडं उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला.

मी विचारलं, "सर, तोंड काऊन नाही काढलं?"

ते बराच वेळ टाचेवर पेन्सिल फिरवत राहिले. "मले काढाचं होतं. तिचं तोंड मले अजून जसंच्या तसं याद हाय. कुठीबी बसव, काढून देतो. पन मांगून, इतक्या खालून, तोंड दिसत नाही. काढलं तं चूक होईन." एवढं बोलून डोळे पुसले. त्या दिवशी पुढं काम झालं नाही.

चित्र झालं तेव्हा फोटो पाठवू दिला नाही. म्हणाले, "तिले इथं येऊ दे. मोबाइल हातात धरून पायते ती, उभ्यानं. हे बसूनच पाहा लागते."

स्वाती आली. मी शटर अर्धं ओढलं. सरांनी तिला चित्रासमोर फरशीवर बसवलं, नेमक्या जागी, आणि आणखी खाली वाकायला सांगितलं. स्वतः बाजूला स्टुलावर बसले. आरसा ना दोरा, काही नाही. नुसते तिच्या तोंडाकडं बघत होते.

ती बघत राहिली. बाहेर कुणीतरी हाका मारून गेलं, मी उत्तर दिलं नाही. मग तिनं हात पुढं केला आणि ज्वारीच्या डब्यावर बोट ठेवलं.

"हा इथं नव्हता."

"तठीच राहे," सर म्हणाले. "मीच भरत असो त्यात ज्वारी."

"दुपारी नसायचा, बाबा. आई ढकलायची. फरशीवर घर्रर्र आवाज यायचा." तिनं बोट ओट्याखाली सरकवलं. "इथं मी बसायचे. ओट्याखाली. इथंच बसायचे मी!"

सर स्टुलावरून उतरले. कसे उतरले देव जाणे, मी धरायच्या आत तिच्या शेजारी फरशीवर होते. खोडरबर घेतला आणि डबा पुसायला लागले. एवढा खपून काढलेला डबा, त्याच्या कडा, त्याची चमक, सगळं पुसत गेले. पुसता पुसता म्हणाले, "हे मले माहीतच नव्हतं. किती आरसे दाखवले असते तरी मले नसतं दिसलं. मी शाळेत राहो."

डब्याच्या जागी नुसता करडा डाग उरला. ती त्या डागाकडं बघत होती.

"तठून काय दिसे तुले?"

"आईचे पाय. आणि हात. वरून हात खाली यायचा, कणकेचा गोळा घेऊन. मी तो खेळत बसायचे."

"अन् तोंड?"

मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, हो म्हण. देवा, हिला हो म्हणू दे.

"तोंड नाही, बाबा. आठवत नाही."

सरांनी मान हलवली. "खरं हाय. तठून नसन दिसत." मग त्यांची नजर उजवीकडं गेली, उंबऱ्याकडं. "म्हन्जे हे चित्र दुपारचं हाय. मंग माह्या चपला अठी कशा? हेबी चूक." आणि खोडरबर घेऊन तिकडं सरकायला लागले.

स्वातीनं त्यांचं मनगट धरलं. "मग संध्याकाळचं करा ना चित्र."

"संध्याकाळी शिकवन्या. मी येवो तवा तू झोपेल राहे."

"रविवारी?"

"रविवारी परीक्षेचे पोट्टे." ते तिच्याकडं बघत नव्हते. "पाहून घेतलं म्या सारं, पोरी. तू, तुही माय अन् मी, तिघं एका टायमाले जागे असून घरात हाओ, असं मले सापडूनच नाही राह्यलं. मी काढू कसं?"

असं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, काही नाही, नुसती ती कललेली मान हलत होती. मी तिथून जायला पाहिजे होतं. पाय निघाले नाहीत. मलाही रडू आवरेना.

स्वातीनं त्यांच्या हातातून खोडरबर काढून घेतला. "मग चुकीचंच राहू द्या, बाबा."

"चूक दिसल्यावर कशी राहू देऊ?"

"माझ्यासाठी राहू द्या."

सर त्या चपलांकडं बघत बसले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा नाही, चांगला जड. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

त्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच गेले, म्हणून लोक म्हणाले सुटले. मला तसं नाही वाटत. त्यांना आता कुठं मुलगी मिळाली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि पायरीवर बसून ते तिला "आज काय सैपाक केला?" असं विचारायचे. असले चार महिने देवानं अजून दिले असते तर त्याचं काय जात होतं?

परवा अकोल्याला जाणं झालं तेव्हा स्वातीकडं गेलो. चित्र तिनं हॉलमध्ये लावलंय, फरशीलगत. येणारे जाणारे विचारतात, इतकं खाली का लावलं. ओवी आता चुरूचुरू बोलते. माझा हात धरून मला चित्राशी नेलं, खाली बसवलं आणि एकेक गोष्ट दाखवायला लागली. हे आजीचे पाय. ही मम्मीची जागा. मग उंबऱ्याशी बोट नेलं.

"ह्या आबांच्या चपला," ती म्हणाली. "आबा घरीच आहेत."

मी स्वातीकडं पाहिलं. ती म्हणाली, "हो, घरीच आहेत."